सुकती

माझ्या बायकोच्या, रखमाच्या अस्थी चैत्रापासून गॅलरीत खुंटीला टांगलेल्या होत्या. लाल फडक्यात बांधलेलं मडकं. घरात ठेवत नाहीत म्हणून बाहेर.

लोक दहा दिवसांत मोकळे होतात. मी पावसाची वाट बघत होतो, कारण ती तसं सांगून गेली होती. परळच्या इस्पितळात नळी काढल्यावर ती म्हणाली, "अवो, माका आमच्या न्हंयत सोडा. सुकतीत सोडू नकात हां."

मी हो म्हटलं. सुकती म्हणजे नदी सुकलेली असते तो काळ, असं मी धरलं. आमचं मूळ साताऱ्याकडचं, माझा जन्म लालबागचा. आधी गिरणी, मग मसाला कुटायचा डंक. पाण्यातलं मला काही कळत नाही.

तिच्या माहेरची नदी मी जास्त करून आमच्या फरशीवरच पाहिली. तांदूळ धुताना ओलं बोट घेऊन ती रेघ काढायची. हा सडा, म्हणजे वरचं पठार, इथे कातळातून पाणी निघतं, तिथे तिला व्हाळ म्हणतात. मग पोफळीच्या बागेतून घराच्या पायऱ्यांशी येते, तिथे ती न्हंय. खाली चिपीची, म्हणजे खारफुटीची झाडं लागली की खाडी, आणि मग समुद्र. "सकाळी भाकरी बांधून वरून निघालं ना, तर दिवेलागणीला समुद्राशी. एवढीच," ती म्हणायची. रेघेचं पाणी सुकायच्या आत मोरीकडे पळायचं.

मी तिकडे गेलो तो दर वेळी गणपतीला. त्यामुळे मला ती नदी भरलेलीच ठाऊक. मेमध्ये राजेश, माझा मुलगा, म्हणाला, "बाबा, सुट्टी काढतो, जाऊन येऊ." मीच नको म्हटलं. "आत्ता पाणी नसेल रे. आईने सांगितलंय."

श्रावणात माझा मेव्हणा भिवा डोळे दाखवायला मुंबईत आला. गॅलरीत चप्पल काढताना त्याने वर बघितलं.

"ह्या काय? ताई अजून हयच?"

मी सांगितलं, आता पाऊस झाला, नदी भरली, तुझ्याबरोबरच येतो. सुकतीत सोडू नका म्हणाली होती.

भिवा खाली बसला. "भावजी, सुकती म्हणजे काय वो?"

"नदी सुकते ती."

"अरे देवा! तुमी घाटी ते घाटीच ऱ्हवलात. सुकती म्हणजे ओहोटी. भरती इली की खाडीचा पाणी उलटा चढता, आमच्या पायऱ्यांपर्यंत. आमच्या आवशीक, तुमच्या सासूक, आमी तशीच सोडली, भरतीर. ती घराक गेली. सुकतीत सोडला तर माणूस सरळ समुद्रात."

"मग भरतीला सोडू."

"आता खयची? पावसात वरसून लोंढो येता, भरतीक चढूकच देणा नाय. मेमध्ये चढता पाणी, न्हंयक जोर नसता तेव्हा."

"मग पुढच्या मेमध्ये," मी म्हणालो. "तोवर राहू दे इथे."

भिवाने मान हलवली. त्यांच्या घराच्या खालच्या अंगाला नदीवर खारं पाणी अडवायला बंधारा बांधला होता. ह्याच जूनमध्ये दारं बसली. "शेतीक बरा झाला. पण भरती आता थयच थांबता. पायऱ्यांक लागाची नाय, कधीच."

राजेश दारात उभा होता. मेमध्ये जाऊन येऊ म्हणाला होता तो.

गणपती जवळ आले होते. चाळीच्या मंडळाचे राजाराम दोनदा हळूच सांगून गेले होते, "गुणाजी, तेवढं मडक्याचं बघा." खाली मांडवाचे बांबू ठोकत होते.

"दादरला जाऊ," राजेश म्हणाला. "समुद्र सगळा एकच ना, मामा?"

"एकच," भिवा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

चौपाटीवर मी त्यांना थांबवलं. म्हटलं, निदान भरती येऊ दे. भिवा पाण्याकडे बघत उभा राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आता चढता." राजेशने फडकं सोडलं आणि मडकं पाण्यात उपडं केलं. मी गुडघाभर पाण्यात होतो. राख पाण्यावर पसरली, आणि पुढच्या लाटेने परत आली. निर्माल्य, नारळाच्या शेंड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यांच्याबरोबर ती माझ्या पोटऱ्यांना लागली. मी हाताने पाणी आत ढकललं. ते पुन्हा आलं.

"बाबा, चला," राजेश म्हणाला.

"ही वर का जात नाही रे?" मी भिवाला विचारलं.

"भावजी, भरती वर न्हेता खरा," भिवा म्हणाला. "पण हय वर न्हेवक न्हंय खय आसा?"

घरी आलो तेव्हा सुनेने, दर्शनाने, गॅलरीत पाय धुवायला बादली भरून ठेवली होती. दोघांनी धुतले. माझ्या पोटऱ्यांवर करडी राख वाळली होती. मी तसाच उभा राहिलो.

"धुवा, बाबा," दर्शना म्हणाली. "असे आत येऊ नका."

मी तांब्या ओतला. पाणी फरशीवरून उताराने निघालं, कोपऱ्याशी वळलं, आणि पन्हळीतून खाली गटारात गेलं.