आसवांपेक्षा खारट नको

भगवानरावांच्या दीड वर्षाच्या नातवाला पहाटेपासून हगवण लागली होती. दुधनेला पूर आल्यानं सेलूचा रस्ता बंद, आणि गावात टेलिफोन एकच, तोही त्यांच्याच ओसरीवर. गावची नर्स सुमनबाई हिला बोलावणं आलं. नामांतराच्या दंगलीनंतर बौद्धवाड्यातलं माणूस या ओसरीवर पहिल्यांदाच चढत होतं. तिच्या मनात राग होताच, पण तो धरून बसायला वेळ नव्हता. लेकराचे डोळे खोल गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती खाली बसेचना.

सेलूचे डॉक्टर एकदाचे फोनवर मिळाले. ते सांगायचे आणि भगवानराव ओरडून घरात पोचवायचे. तांब्याभर उकळून गार केलेल्या पाण्यात मूठभर साखर, चिमूटभर मीठ, आणि चमच्या-चमच्यानं पाजत राहा. हगवणीत पाणी पाजलं की ती वाढते, ही त्या घराची पक्की समजूत. सकाळपासून लेकराला थेंब मिळाला नव्हता. खुद्द डॉक्टर सांगतोय म्हणून आजी चतुराबाई कशीबशी कबूल झाली, पण पाणी तिनं स्वतःच कालवलं.

"आधी चाखून बघा," डॉक्टरांनी बजावलं. "आसवांपेक्षा खारट लागलं तर लेकरू हातचं जाईल."

चतुराबाईच्या तोंडात जन्माची मिश्री, भगवानरावांच्या गालात तंबाखू. दोघांनीही चाखून बरोबर हाय म्हणून सांगितलं. सून गीताबाई सकाळपासून रडत होती, तिला सगळंच खारट लागत होतं. सुमनबाईनं हात पुढं केला. गीताबाईनं वरून थेंब सोडले. नुसतं मिठवणी.

सुमनबाईनं तांब्या हिसकावला आणि पाणी अंगणात ओतून दिलं. कुणाला न विचारता ती चुलीपाशी गेली, पातेल्यात उरलेलं उकळलेलं पाणी घेऊन नव्यानं कालवलं, चाखलं आणि वाटीत ओतलं.

चतुराबाई दारात आडवी आली. "तुज्या हातचं पाणी ह्या घरात चालत न्हाई."

लेकरू पितंय का, डॉक्टर फोनवर विचारत होते. भगवानराव फोन कानाला धरून बायकोकडं बघत होते. लेकराची मान लुळी पडायला लागली होती.

सासूपुढं कधी तोंड न उघडलेली गीताबाई उठली. "आत्याबाई, सरा," म्हणाली आणि वाटी घेऊन गेली. पहिला चमचा लेकराच्या ओठांवरून ओघळला. दुसराही. तिसरा त्यानं गिळला.

चतुराबाई पाठ फिरवून बसली. दुपार कलल्यावर लेकरानं आईच्या मांडीवर लघवी केली, तेव्हा कुठं सुमनबाईचा जीव भांड्यात पडला. ती ओसरीवर टेकली. कुणीतरी तिच्याजवळ रिकामा तांब्या आणून ठेवला. चतुराबाई होती, बघत मात्र भिंतीकडं होती.

"सरलं पाणी," ती म्हणाली. "आनखी कालव."