थांबणाऱ्या गाडीचं म्हणणं

मी गाडी बोलतेय. माणसं वाहणारी नव्हे. प्रयोगशाळेतल्या फळीवर धावणारी, वीतभर लांबीची. बोलायला बसलेय खरी, पण माझं मलाच धड काही कळलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

मझिंबा गावच्या हारावा नावाच्या म्हाताऱ्या सुतारांनी मला घडवलं. व्हिफ्याच्या डोंगरातल्या पाइनचा तुकडा तासून त्यांनी माझं अंग केलं आणि मोडीत निघालेल्या मक्याच्या गिरणीतली चार बेअरिंगं चाकं म्हणून बसवली. शाळेतले विज्ञानाचे न्यासुलू सर मला न्यायला आले, तेव्हा म्हातारबुवा हसले.

"मास्तर, माझ्या नातवाची तारेची गाडी हिच्याहून झोकात आहे. हिच्यावर काय शिकवणार?"

"जगातली सगळी गती, आजोबा!" सर म्हणाले.

बायकोच्या जुन्या चितेंजेत, कमरेला नेसायच्या कापडात, गुंडाळून सरांनी मला सायकलवरून शाळेत आणलं. तिथे कुणी माझ्यासारखी गाडी पाहिलीच नव्हती. चौथ्या फॉर्मची, म्हणजे बोर्डाच्या वर्गातली, मुलंमुली माझ्याभोवती अशी गोळा झाली, की मला वाटलं, आपण कुणीतरी मोठ्या आहोत.

सरांनी लांब फळी टेबलावर आडवी ठेवली. माझ्या पाठीवर निळीच्या पाण्याची बाटली बांधली. तिच्या टोपणाला बारीक भोक होतं, त्यातून ठरावीक वेळाने एकेक थेंब पडायचा. मग सरांनी पुस्तकातलं वाक्य वाचलं, "बाहेरून बल लागलं नाही, तर चालती वस्तू त्याच वेगाने चालतच राहते." वर्गाने ते तीनदा म्हटलं. सरांनी मला हलकेच ढकललं.

मी निघाले. आणि फळी संपायच्या आत थांबले.

"पुन्हा," सर म्हणाले. मी पुन्हा थांबले. दहा वेळा ढकललं, दहाही वेळा थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुस्तक म्हणतंय चालत राहा, एवढी मुलं म्हणतायत चालत राहा, मग मला काय धाड भरली होती? मला कुणी अडवताना तर दिसत नव्हतं.

मुलांनी मुकाट्याने पुस्तकाप्रमाणे वह्यांत लिहिलं: थेंबांमधलं अंतर समान. एका मुलीने तसं लिहिलं नाही. तिचं नाव तावोंगा. आदल्या वर्षी ती बोर्डाच्या परीक्षेत नापास झाली होती आणि आता पुन्हा त्याच बाकावर बसत होती. तिने लिहिलं, 'अंतर कमी कमी होत गेलं. गाडी थांबली. मला कळलं नाही.'

सरांनी त्यावर लाल फुली मारली. "असं लिहिशील तर यंदाही नापास होशील."

"पण सर, थेंब तर समोर आहेत."

"तिला काय, दोन वर्षं आहेत थेंब मोजायला!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खदखदून हसला. सरांचा चेहरा उतरला आणि मग एकदम पारा चढला. "बाहेर हो," ते तिला म्हणाले.

ती गेली. माझ्यामुळे गेली, असं मला वाटत राहिलं.

दुपारी शाळा सुटल्यावर सर एकटेच आत आले. त्यांनी दार लोटलं आणि मला ढकललं. मी थांबले. पुन्हा ढकललं. ते फळीपाशी डोकं धरून बसले. तेवढ्यात तावोंगा झाडू घेऊन आत आली. त्या आठवड्यात झाडायची पाळी तिची होती. सरांना बघून ती मागे फिरू लागली.

"थांब," सर म्हणाले. "तावोंगा, मी शाळेत होतो ना, तेव्हा आमच्याकडे गाडीबिडी काही नव्हतं. प्रयोगाच्या जागी कागदावरचे प्रश्न सोडवायचो. मला पैकीच्या पैकी मिळायचे. ही गाडी मीही पहिल्यांदाच ढकलतोय."

वाकून तिने माझं एक चाक बोटाने फिरवलं. ते फिरलं आणि हळूहळू थांबलं.

"सर, काहीतरी हिला मागे धरतंय. जरा उतार दिला तर?"

तिने आपली वही फळीच्या एका टोकाखाली सरकवली. मी थांबले, पण बरीच पुढे जाऊन. मग दोन वह्या. आता मी सुसाट निघाले आणि सरांनी मला जमिनीवर पडता पडता झेललं. मग दीड, म्हणजे दुसरी वही उघडून अर्धीच. सरांनी हलकेच ढकललं. मी गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ना घाई ना आळस. मागे निळ्या थेंबांची ओळ पडली होती. तावोंगाने बोटं लावून अंतर मोजलं. चार बोटं. चार बोटं. चार बोटं.

"अगं बाई!" ती म्हणाली. सरांनी स्वतः पुन्हा बोटं लावून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सर वर्गापुढे उभे राहिले. "काल तावोंगाने दिसलं ते लिहिलं. मी फुली मारली. फुली माझ्यावर मारायला हवी होती." कुणी हसलं नाही. तिची वही मागून घेऊन त्यांनी सगळ्यांसमोर त्या लाल फुलीखाली 'बरोबर' असं लिहिलं. तावोंगा मान खाली घालून रडली. ती का रडली, तेही मला कळलं नाही.

त्या वर्षी ती पास झाली. आता म्झुझूला नर्सिंग शिकते म्हणतात. सरांचीही बदली झाली. माझं मागचं एक चाक कुरकुरतं आणि मी कपाटावर बसून असते.

पण माझा गोंधळ काही सुटलेला नाही. सरांनी नंतर समजावलं होतं, की उतार मला खाली ओढत होता, घर्षण मागे धरत होतं, दोघं बरोबरीचे, म्हणून जणू बल नव्हतंच. दोघं मला ओढत असताना कुणीच ओढत नाही, हे कसं? आणि ढकलणारा हात तर केव्हाच सुटला होता, मग मी पुढे कशाच्या जोरावर जात होते?

सरांच्या जायच्या दिवशी मी हे विचारणारच होते. पण सर माझ्यावरची धूळ पुसताना स्वतःशीच पुटपुटले, "खरं सांगू? मलाही अजून पुरतं कळलेलं नाही."

तेव्हा वर्गातल्या नव्या बाळांनो, मला कपाटावरून खाली काढा. ढकला. जे दिसेल ते लिहा. आणि कळलंच कधी, तर मलाही सांगा.