पाच वाजल्यानंतर

माइकच्या तोंडावरचा तो पिवळा स्पंज... एका बाजूनं कुणी कुरतडल्यासारखा, आणि मघापासून जो येतो तो त्याला ओठ टेकवूनच बोलतो. रोशनीला किळसही आली आणि हसूही. एवढं सगळं स्वातंत्र्य या ओल्या स्पंजातूनच जायचं का? आता शेवटच्या वर्षाचा भावेश बोलत होता — कलम एकोणीस, लोकशाहीचा श्वास वगैरे, निम्मं हिंदीत, निम्मं गुजरातीत, आणि मध्येच पाहुण्या वकीलसाहेबांकडे बघून हात जोडून. टाळ्या झाल्या. सिल्वासाच्या या कॉलेजात संविधानावर बोलायला कुणाची ना नव्हती. कॉलेजावर बोलायचं नव्हतं, इतकंच.

तिच्याजवळ एकच वाक्य होतं. सकाळपासून ती ते तोंडातल्या तोंडात घोळवत होती — मुलींनाही लायब्ररीत आठपर्यंत बसू द्या. बस. मुलं आठपर्यंत बसतात. मुलींना पाच वाजता शिपाई बायडाबाई "चला गं पोरींनो" करून उठवते, आणि नुकतं कुठे डोक्यात शिरू लागलेलं पान मिटावं लागतं... घरी अभ्यास होत नाही. अथालच्या चाळीत त्यांची एकच खोली, तीत गावाकडचे दोन काकाही राहतात, आणि कारखान्यातल्या पाळ्या अशा की दिवसाच्या कुठल्याही वेळी कुणीतरी झोपलेलं असतंच. दिवा लावायचा नाही. पातेल्यावर झाकण ठेवायचं तेही मध्ये बोट घालून, म्हणजे वाजत नाही. बोलायचं ते खुणांनी: भूक लागली की पोटावर हात, बाहेर जायचं तर दाराकडे मान. "धीरे बोल वं माय, लोके झोपेल शेतस," तिचा बाप झिपरू म्हणायचा. स्वतः झोपेत असला तरी म्हणायचा.

म्हणून तर हजेरीला तिनं 'हजर' म्हटलं की ते शेजारणीपर्यंतच पोचायचं, आणि शिक्षक समजायचे, पोर घुमी आहे. घुमी नाही मी. माझ्या डोक्यात दिवसभर नुसता बाजार भरलेला असतो... फक्त तो बाहेर मांडायची सवय नाही. आणि यंदा नापास झाले तर बाप दुसऱ्याच दिवशी कारखान्यात चिकटवील, वर म्हणेल, शिकवून पाहिलं. त्याचंही काय चुकलं?

"आणखी कुणी?" शैलजा मॅडमनी विचारलं, आणि विचारताना त्यांची नजर रोशनीला टाळून पुढे गेली. राज्यशास्त्र त्याच शिकवायच्या, आजचा कार्यक्रमही त्यांचाच. मघाशी व्हरांड्यात त्यांनी रोशनीला बाजूला घेतलं होतं; तिचं पुटपुटणं त्यांच्या कानावर गेलं असावं. "लायब्ररीचं काढू नकोस हं. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही." मग साडीचा पदर उगाचच सारखा करत, हळूच, "माझी नेमणूक दर वर्षी नव्यानं होते गं." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाविरुद्ध बोलता येतं. चिपळूणहून एकटीनं येऊन इथे राहणाऱ्या, मूलभूत हक्क शिकवताना डोळे चमकणाऱ्या या बाईविरुद्ध कसं बोलायचं... पण त्यांच्याविरुद्ध कुठे आहे हे? हे लायब्ररीबद्दल आहे. की दोन्ही एकच? कुणाच्या पोटावर पाय न देता काही मागताच येत नाही का?

आपण उभ्या आहोत, हे तिला सगळे वळून बघू लागल्यावर कळलं.

ती माइकपर्यंत गेली. बोलली. स्पीकरमधून नुसती खरखर. "जोर से बोल ना!" मागून ललित ओरडला, तिच्याच वर्गातला, आणि बाकं हसली. तिनं पुन्हा म्हटलं, तेवढ्याच हळू, कारण मोठ्यानं कसं म्हणतात ते तिला खरंच ठाऊक नव्हतं. पण ऐकू येत नव्हतं म्हणून असेल, लोक पुढे वाकले. कुणीतरी कुणाला तरी "शू..." केलं. पंखे ऐकू येऊ लागले. मग ते वाक्य तिनं तिसऱ्यांदा म्हटलं आणि ते पार मागच्या भिंतीपर्यंत गेलं.

मंचावर बसलेले प्राचार्य हसले, समजूतदारपणे. "बेटा, वो तो तुम लोगों की सेफ्टी के लिए है. अंधेरे में घर कैसे जाओगी?"

उत्तर मिळालं होतं. आता खाली बसायचं असतं. तिनं शैलजा मॅडमकडे पाहिलं. त्या स्टँडजवळ आल्या — आता काढून घेतील, तिला वाटलं — आणि त्यांनी माइकचा दांडा खाली करून तिच्या तोंडासमोर आणला.

"माझी आई मसाटच्या कारखान्यात पॅकिंगला जाते," रोशनी म्हणाली. हे काही ठरवलेलं नव्हतं, कुठून आलं कोण जाणे. "आठनंतर ती आपल्याच कॉलेजच्या नाक्यावर रिक्षा बदलते. रोज. तिला अंधाराचं कुणी विचारत नाही, सर. मी तिच्याबरोबर जाईन."

वकीलसाहेबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. प्राचार्यांनी हसत हसतच घड्याळ पाहिलं. नियम बदलेल का, मॅडमचं काय होईल — तिला काहीच ठाऊक नव्हतं. पण एवढी माणसं जागी होती आणि आपण बोलायची वाट पाहत होती, याचं तिला इतकं नवल वाटलं, इतका आनंद झाला, की खाली बसायचं राहूनच गेलं... अजून एक सांगायचं होतं.