भरतीची सरळ रेष

बीजगणित मी लग्नानंतर शिकले, भाच्याच्या जुन्या पुस्तकांतून. उशिरा हाती आलेल्या गोष्टीवर माणूस जरा जास्तच विश्वास टाकतो. आमच्या वेवजी गावात दर शनिवारी मी पोरं गोळा करते. आधी काहीतरी मोजायचं, मग त्याचं समीकरण मांडायचं. त्या शनिवारी तिघांना घेऊन डहाणूला, आगरच्या किनाऱ्यावर गेले. भरती मोजायला.

ओहोटीला तिथे एक मोठा खडक उघडा पडतो. किनारा आणि खडक यांच्यामध्ये पंधरा पावलांचा चर. पोटरीभर पाण्यातून पलीकडे गेलो आणि चरात बांबू रोवला, नेलपॉलिशच्या खुणा केलेला. पहिलं वाचन वीस सेंटीमीटर. दहा मिनिटांनी सव्वीस.

"म्हणजे दर दहा मिनिटांना सहा," मी जाहीर केलं. साठ झाले की परतायचं. हिशेबाने अजून जवळजवळ तासभर होता.

तिसरं वाचन तिघांतल्या सोमीने तेहेतीस सांगितलं.

"बत्तीस हवं," मी म्हणाले. "लाट आली असेल. रेष चुकत नाही गं, वाचणारा चुकतो."

तिला बांबूपाशी बसवून मी खडकाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे वर्षा आणि दिपक भोक पाडलेल्या बाटलीतलं पाणी किती वेळात उतरतं ते बघत होते.

चाळीसेक मिनिटांनी, खडकावर आमच्याआधीपासून कालवं फोडत बसलेली अंबूबाई काम आटपून, टोपली डोक्यावर घेऊन चराकडे निघाली.

"चला गो, पाणी चढलं!"

"अजून आहेत पाच-सात मिनिटं, मावशी." मी सोमीपाशी परत आले होते; तिची वही उंच धरली. वीस, सव्वीस, बत्तीस, अडतीस, चव्वेचाळीस, पन्नास, छप्पन. एक आकडा रेषेबाहेर नाही. मला तर भरून आलं होतं.

"तुमची वही पोहते का, बाय?" अंबूबाई म्हणाली आणि पाण्यात उतरली. तिचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं.

छप्पनला कंबर भिजत नाही. मी बांबूकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर.

"सोमी, हे काय लिहिलंयस?"

"तुम्हीच बोललात, वाचणारा चुकतो." ती नख कुरतडत होती. "शाळेत प्रॅक्टिकलला पण उत्तर आधी असतं. वाचन मागनं भरतात."

रागवायला वेळ नव्हता. वर्षाला पोहता येत नव्हतं. मलाही नाही. आणि भरतीचं पाणी पोचतं तिथवरच वाढणारी कालवं खडकाच्या पार माथ्यापर्यंत चिकटलेली, म्हणजे भरतीत हा सगळा खडक बुडणार.

"त्या लांबच्या होडीला हाका मारू या का?" दिपकने विचारलं.

"सोमी, खरे आकडे आठवतात?"

तिने डोळे मिटले. "तेहेतीस. बेचाळीस. त्रेपन्न. पासष्ट. अठ्ठ्याहत्तर." मग बोटांवर, "सात, नऊ, अकरा, बारा, तेरा... ताई, वाढच वाढतेय! पुढच्या दहा मिनिटांत चौदा तरी. ब्याण्णव."

"वर्षाच्या छातीला," दिपक म्हणाला.

"होडी येईस्तोवर गळ्याला," मी म्हणाले. "आत्ताच निघू."

बांबू उपटला. दिपक पुढे, मी मागे, मधे दोघी बांबू धरून. वही माझ्या पदरात, पदर दातांत. सातव्या पावलाला पायाखालची वाळू सरकली. वर्षा बांबूला लोंबकळली, पाणी तिच्या हनुवटीला लागलं. ती किंचाळायच्या आत सोमी तिच्या कानाशी ओरडली, "पावलं मोज! आठ! नऊ!"

"द... दहा," वर्षा म्हणाली.

अकराव्याला अंबूबाईचा हात आला. तिने वर्षाला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि मग माझ्याकडे वळली. "मास्तरीण म्हणे! लोकांची पोरं हायेत, कळतं का?"

मी पदरातली वही सोडवून सोमीकडे दिली.

वाळूवर बसून सोमीने दमट वही उघडली, खोडरबर काढलं.

"खोडू नको." पेन्सिल घेऊन मी तिसऱ्या आकड्यापुढे लिहिलं, 'चूक ताईची'. तिने वाचलं. उठून काठाशी बांबू पुन्हा रोवला.

दहा मिनिटांनी मीच वाकून बघितलं. "चोवीस."

तिने लिहिलं नाही. पेन्सिल कानामागे खोचून पाण्यात उतरली, बांबूपाशी वाकली, एक लाट जाऊ दिली, मग दुसरी.

"पंचवीस," म्हणाली, आणि परत येऊन लिहिलं.