बिनघुंगरांची दमणी

मित्रांनो, गोठ्याच्या मागे, जिथे कोंबड्या अंडी घालायला येतात ना, तिथे जी वाकडी-तिकडी लाकडं दिसतात, ती मी. हसू नका. मी दमणी आहे. दमणी म्हणजे माणसं बसवून न्यायची बैलगाडी, वर तट्ट्याचं गोल छत असलेली. शेणखत वाहणाऱ्या गाड्या वेगळ्या. त्यांच्यात मला धराल तर मला राग येईल, आधीच सांगून ठेवते.

महाराष्ट्र राज्य झालं, शाळेतल्या पोरांना पेढे वाटले, त्याच उन्हाळ्यात साखरखेर्ड्याच्या कडूबा सुताराने मला घडवलं. चाकं बाभळीची, अंग सागाचं. पुंजाजी माळी मला घ्यायला आला तेव्हा कडूबाने माझ्या पाठीवर थाप मारून त्याला बजावलं होतं, की हिला वेळच्या वेळी वंगण द्या, ही तुम्हाला दगा देणार नाही. मी दिलाही नाही. दगा माझ्या हातून करवून घेतला गेला, ती गोष्ट आज सांगते.

आमचं गाव देऊळगाव राजाच्या अलीकडे, तीन कोसांवर. पुंजाजीचा मळा वांग्या-मिरच्यांचा. घरात त्याची बायको शालूबाई, थोरली लेक चांगुणा आणि तिच्यापाठचा शालिग्राम, जो अजून सगळं तोंडात घालायचा. दरवर्षी अश्विनात देऊळगावला बालाजीची जत्रा भरे, आणि तो माझा मानाचा दिवस. मला धुवायचे, छतावर नवं कापड यायचं, मोऱ्या आणि हरण्या या माझ्या बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा बांधायचे. आमचे घुंगरू ओढ्यापलीकडूनही ऐकू यायचे. लोक म्हणायचे, आला बरं पुंजाजी.

जत्रेत एक मोठा लाकडी पाळणा यायचा. चार झोपाळ्यांचा, दोन गडी हाताने फिरवायचे. वर गेलेल्या माणसाला म्हणे देवळाचा कळस बरोबरीने दिसे. चांगुणाने त्यात बसायचा हट्ट धरला, पण पाळणेवाल्याने तिला उतरवून दिलं. फार लहान आहे, पडेल. पोरीने असं भोकाड पसरलं, की पुंजाजीने तिला माझ्या चाकाशी उभं केलं आणि म्हणाला, "तुहं डोकं या चाकाच्या वर गेलं ना, की त्याच सालाले तुले बसवतो. बापाचा शबूद हाये."

तेव्हापासून माझं चाक म्हणजे त्या पोरीचं मोजमाप झालं. बाजाराहून आली की आधी माझ्याशी उभी राहायची. टाचा उचलायची नाही हं, मोठी इमानी पोर. डोक्यावर हात सपाट धरून तो माझ्या धावेला टेकवायची आणि हिरमुसून जायची. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. एका पावसाळ्यानंतर मात्र तिचा हात धावेच्या वरून सरळ निघून गेला. ती ओरडत मळ्यात पळाली. मी लाकडाची असूनही मला कोण आनंद झाला!

आता शालूबाईचंही ऐकून घ्या, नाहीतर म्हणाल दमणी एकतर्फी बोलते. त्या बाईने जत्रा पाहिली ती माझ्या सावलीत बसून. एक पोर मांडीवर, एक पदराला, चुलीवर भाकर. पुंजाजी फिरून यायचा, ती राखण करायची. त्याच साली एका दुपारी मळ्यात वांगी भरून दोघं माझ्यावर टेकली होती, तेव्हा ती अचानक बोलली. "एक डाव मले बी त्या पाळण्यात बसू द्या. कडेवर कोनी नको, पदराले कोनी नको. तुमी अन् मी."

पुंजाजी लाजला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी लाजला. मग दोघांनी तिथेच बेत आखायला घेतला. पण लेकरं घरी टाकून नवरा-बायकोने जत्रा करायची, हे त्या काळी कोण खपवून घेणार? गाव तोंडात शेण घालायचं. आणि चांगुणा? तिला काय सांगायचं? खरं सांगावं असं एकालाही सुचलं नाही. पुंजाजीला सुचलं ते भलतंच. दुखवट्याला चाललो म्हणायचं. मयताच्या घरी लेकरं नेत नाहीत, प्रश्नच मिटला.

मग कुणाला मारायचं यावर खल झाला. नात्यातला माणूस मारला तर घरात सुतक पाळावं लागणार, भाऊबंद मयताघरी द्यायची कडवी भाकर घेऊन बरोबर निघणार. म्हणून त्यांनी नात्याबाहेरचा माणूस निवडला, नारायणराव. देऊळगावच्या बाजारात त्यांचं गूळ-फुटाण्याचं दुकान होतं. गावात त्यांना ओळखणारं फारसं कुणी नाही, चौकशी होणार नाही. झालं, धडधाकट माणूस वांग्याच्या मळ्यात बसून मारून टाकला.

फक्त एक गोष्ट दोघं विसरली. नारायणराव चांगुणाचे काका होते. मानलेले, पण सख्ख्याहून जास्त. दर बाजाराला ते तिच्या ओच्यात फुटाणे घालत. त्यांना लेक नव्हती. "माही पोरगी आली," असं ते सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणत.

जायच्या दिवशी सकाळी पुंजाजीने बैलांच्या गळ्यातल्या माळा सोडल्या. आमच्याकडे दुखवट्याला जाताना घुंगरू बांधत नाहीत, गाडी मुक्याने जाते. बघणाऱ्याला वाटावं खरंच कुणी गेलं. चांगुणा हातात झेंडूचा हार घेऊन आली. तो तिने माझ्यासाठी ओवला होता, जत्रेसाठी. शालूबाईने तिला नारायणकाका गेल्याचं सांगितलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. पाळण्याचं नावही तिने काढलं नाही. हार माझ्या बैठकीवर ठेवला आणि बापाला म्हणाली, काकाले घाला, माह्या हातचा हाये म्हणा. मग शालिग्रामला घेऊन सोजराकाकूच्या, म्हणजे शेजारणीच्या, ओट्यावर जाऊन गुडघ्यात डोकं घालून बसली. शालूबाईचा पाय तेव्हा अडखळला होता, मी पाहिलं. पण ती चढली.

मुक्याने निघाले मी. रस्त्याने लोक हात जोडून विचारत होते कोण गेलं, आणि पुंजाजी मान खाली घालून उत्तर देत होता. मला लाज वाटत होती. लाकडाला लाज नसते असं कोण म्हणतं?

जत्रेच्या लिंबाखाली मला सोडलं आणि दोघं पाळण्याकडे गेली. शालूबाई वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. तिचा पदर वाऱ्याने फडफडत होता आणि ती खदखदून हसत होती. तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, घटकाभर माझाही राग पातळ झाला. नंतर तिने एका दुकानात शालिग्रामसाठी पत्र्याची शिट्टी उचलली, फुंकून पाहिली आणि परत ठेवली. मयताच्या घरून शिट्टी कशी न्यायची?

तेवढ्यात नारायणराव आले की हो! मला ओळखूनच आले. गर्दीतून हाका मारत आले आणि माझ्या छतात डोकावले. पोरगी कुठं हाये म्हणून विचारलं. पुंजाजीने तिला जरा ताप असल्याचं सांगितलं. एक खोटं झाकायला दुसरं. नारायणरावांची नजर हाराकडे गेली. हा कोणासाठी? पुंजाजी चाचरत म्हणाला, चांगुणानं तुमच्यासाठी धाडला. त्या भल्या माणसाने तो हार तिथल्या तिथे स्वतःच्या गळ्यात घातला, आणि आपल्याच मरणाचा हार मिरवत आजूबाजूच्यांना दाखवायला लागला. पाहा, माह्या पोरीनं धाडला. मग दुकानातून फुटाण्यांची मोठी पुडी आणून दिली. कागदावर तांबडा दोरा गुंडाळायची त्यांची तऱ्हा होती. तापातून उठली की तिले द्या, म्हणाले.

ते गेल्यावर शालूबाईने पुडी माझ्यातल्या वैरणीखाली खुपसली.

आणि आता पुंजाजीची चूक ऐका. बालाजीच्या जत्रेतून बैलांसाठी काही घेतल्याशिवाय परतायचं नाही, ही त्याच्या बापापासूनची रीत. त्याचे पाय आपसूक घुंगरांच्या दुकानाकडे वळले. नवी पितळी माळ घेतली, आणि घेतली की बांधल्याशिवाय त्याला चैन कुठलं? ओढ्याशी गेल्यावर सोडू, असं तो शालूबाईला म्हणाला. पण वाटेत तिला पुन्हा पाळण्याची आठवण झाली, तो तिला चिडवायला लागला, आणि ओढा केव्हा मागे पडला दोघांनाही कळलं नाही. दिवेलागणीला मी गावात शिरले ती छुमछुम करत.

चांगुणा ओट्यावरच होती. सोजराकाकू सांगत होती, पोरीने दिवसभर अन्नाला हात लावला नाही. चांगुणा उठली आणि बैलांच्या गळ्याकडे पाहत राहिली. पुंजाजीचा हात माळेकडे गेला, पण आता काय उपयोग? ती बैलांना वैरण काढायला माझ्यात चढली, रोजच्यासारखी. पुडी तिच्या हाताला लागली. तांबडा दोरा पाहिला आणि तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"बाबा, काका जिते हायेत?"

पुंजाजीने होय म्हणून मान हलवली. पोर आनंदाने हसली. अगदी मनापासून हसली, मित्रांनो, आणि मग हसता हसता थांबली. तिने घुंगरांकडे पाहिलं, आईच्या डोक्यातल्या जत्रेच्या गजऱ्याकडे पाहिलं, माझ्या चाकाकडे पाहिलं. पुडी होती तिथे परत ठेवली आणि घरात गेली. रडली असती, आदळआपट केली असती, तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी पुंजाजीने स्वतःहून म्हटलं, चल बाई, तुला पाळण्यात बसवतो. ती म्हणाली, तुमीच जा. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. ती माझ्यात बसेनाशी झाली. बाजाराला चालत जायची, डोक्यावर पाटी घेऊन, आणि नारायणकाकांना भेटून यायची. काकांना मात्र तिने कधी काही सांगितलं नाही. चाकाशी उभं राहणं तर तिने त्याच दिवशी सोडलं.

मग एका अश्विनात, ऐन जत्रेच्या दिवसांत, सकाळीच देऊळगावहून निरोप आला. नारायणराव गेले. पुंजाजी खालीच बसला. मग उठून बैलांच्या माळा सोडायला लागला. चांगुणा दारात उभी होती, आता चांगली उंच झालेली. तो म्हणाला, पोरी, चल, आता तू लहान नाहीस, शेवटचं तोंड पाहून घे. नारायणकाका गेले.

ती शांतपणे म्हणाली, "पाळण्यात बसून या."

"खरंच गेले, बाई."

"त्या वक्तीबी खरंच म्हनले होते."

पुंजाजीच्या हातात घुंगुरमाळ तशीच लोंबत राहिली. कशाची शपथ घेणार होता? शालूबाई पदर तोंडाला लावून माझ्यात चढली. मी मुक्याने निघाले. या वेळी माझ्यावर हार नव्हता.

संध्याकाळी आम्ही परतलो. चांगुणा ओट्यावर येऊन उभी होती, कान देऊन. ती घुंगरांची वाट पाहत होती. मी ओढा ओलांडला, वेशीतून आले, सोजराकाकूचं घर आलं, आणि घुंगरू काही वाजले नाहीत. दारापुढे येऊन थांबले तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती धावत आली, माझ्यातली वैरण दोन्ही हातांनी उपसली. पुडी नव्हती. मग माझ्या चाकाला मिठी मारून ती जी रडली, ते रडणं माझ्या आऱ्यांत अजून आहे. बापाने जवळ घ्यायला हात पुढे केला. तिने तो हात दूर सारला.

त्या घुंगुरमाळा पुंजाजीने खुंटीला अडकवल्या, त्या पुन्हा काढल्या नाहीत. मग एसटी आली, सायकल आली, आणि मी इथे मागे आले. वंगण नाही, छत नाही. त्याचंही वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? जमलं तर एखाद्या सणाला माझ्यावरची माती झटका, एवढं केलंत तरी पुष्कळ.

पण मित्रांनो, त्याहून मोठं एक मागते. तुम्ही उद्या मोठे व्हाल, तुमचीही दोघांचीच कुठे जायची हौस असेल. खुशाल जा. लेकराला तोंडावर सांगा, आम्ही दोघंच चाललो, तुला नेत नाही. ते रडेल, पाय आपटेल, संध्याकाळी फुटाणे खाऊन झोपी जाईल. त्याला खोट्याने मात्र झोपवू नका.

माझं चाक अजून उभं आहे. चांगुणा त्याच्याहून उंच झाली त्याला जमाना झाला. पाळण्यात मात्र ती कधीच बसली नाही.