मान वाकवून आलेला पाहुणा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. घराचा नव्हे, घराच्या दरवाजांना रंग मिळतो, पायपुसणं मिळतं. मी अवजारांच्या शेडचा. आजोबांनी तरुणपणी मला स्वतःच्या हातांनी घडवलं. खताची गाडी आत यावी म्हणून रुंदी भरपूर ठेवली, उंची मात्र स्वतःपुरतीच. आजोबा अंगाने बुटके आणि स्वभावाने ताठ. त्यामुळे घरातलं जे कोणी उंच, ते वाकून आत गेलं किंवा कपाळ चोळत बाहेर आलं. कुणी कुरकुरलं की आजोबा म्हणायचे, कामाला जाताना माणसानं थोडं वाकावं. ते ऐकून माझी छाती फुगायची. पावसाळ्यात तर खरोखरच फुगायची.

पुढे मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला, आजोबांचे गुडघे धरले आणि उतारावरची फळबाग सूनबाईंच्या अंगावर पडली. त्यांच्यासाठी एक छोटा ट्रॅक्टर आला. नातीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव बुटकोबा ठेवलं. पण त्याच्या सीटमागे एक लोखंडी कमान होती, आणि ती माझ्यापेक्षा उंच होती. मला आनंदच झाला. म्हटलं, हे प्रकरण बाहेरच राहणार.

गाडी पोचवायला आलेल्या माणसाने बजावून सांगितलं की चालवताना कमान उभी हवी आणि पट्टा बांधलेला हवा. गाडी उलटलीच, तर हीच दोन माणसाला वाचवतात. सूनबाई म्हणाल्या, मग दरवाजाची उंची वाढवून घेऊ. आजोबांनी नकारार्थी मान हलवली.

"माझ्या दाराला करवत लागणार नाही. ती कमान दुमडते ना? मग दुमड."

दोन खिळी काढल्या, कमान मागे आडवी झाली आणि बुटकोबा मान टाकून आत शिरला.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. घरची सख्खी माणसं कपाळ आपटल्याशिवाय वाकायला शिकली नाहीत, आणि हा परका पहिल्याच दिवशी इतका नम्र? गोगलगाय नि पोटात पाय! त्याच्याखाली तेलाचा थेंब पडतो का, हे मी रोज पाहायचो. पडत नव्हता, त्यामुळे संशय आणखी वाढला. इतकं स्वच्छ कोण असतं?

सूनबाईंशी मात्र त्याची गट्टी जमत गेली. आधी तो गचके द्यायचा आणि त्या त्याला रागवायच्या. मग क्लच हळू सोडायचा असतो हे त्यांच्या पायाला कळलं आणि दोघांचं भांडण मिटलं. घरात त्याचं कौतुक सुरू झालं. ढकलगाडी कोपऱ्यात गंजू लागली. नव्याचे नऊ दिवस, असं मी तिला समजावत होतो, पण माझाच त्यावर विश्वास नव्हता.

सुरुवातीला सूनबाई बाहेर पडल्या की कमान उभी करायच्या आणि परतताना पुन्हा दुमडायच्या. खिळी घट्ट होत्या, बोटं चिमटायची. हळूहळू कंटाळा आला आणि कमान आडवीच राहू लागली. ती आडवी असताना पट्टा बांधला तर उलटलेल्या गाडीखाली माणूस अडकतो, म्हणून पट्टाही सुटला. हे सगळं मी पाहत होतो, आणि तरीही माझी नजर तेलाच्या थेंबावरच होती.

एका सकाळी ट्रॅक्टरच्या पुढे जोडलेल्या लोखंडी बकेटमध्ये शिगोशीग खत भरून त्या उतारावर निघाल्या. बकेट बरीच वर उचललेली होती, त्यामुळे सगळा भार उंचावर होता. बांधाजवळ खालच्या बाजूची माती ढासळली, गाडी कलली आणि वरच्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून उठलं. आजोबा माझ्या चौकटीला धरून उभे होते. त्यांना धावता येत नव्हतं. त्यांची बोटं माझ्या लाकडात रुतली. मित्रांनो, जन्मात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

सूनबाईंनी बकेट खाली सोडली. ती जमिनीला टेकली आणि चाकही परत टेकलं.

त्या चालत वर आल्या, माझ्या उंबऱ्यावर बसल्या आणि कितीतरी वेळ हात चोळत राहिल्या. आजोबांनी आधी दूरवर त्या आडव्या कमानीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि मग करवत कुठे आहे ते विचारलं.

"राहू द्या ना, बाबा. मीच जपून चालवीन."

"दार मोडलं तर मी दुसरं करीन. तुला कुठून करू?"

ज्या हातांनी मला घडवलं त्याच हातांनी माझ्या चौकटीचं वरचं लाकूड कापलं. दुखलं, खोटं कशाला सांगू? वरच्या भिंतीच्या फळ्या काढून त्यांनी चौकट उंच केली आणि माझ्या दोन्ही कवाडांना नव्या लाकडाची जोड दिली. जुन्या अंगावर तो नवा तुकडा विजोड दिसतो. नात म्हणते, दाराने टोपी घातली.

मित्रांनो, वस्तू जुनी असली तरी तिला जपा, अशी विनंती करायचं मी कधीचं योजलं होतं. आता एवढंच सांगतो, की आम्हाला जरूर जपा, पण आमच्यासाठी माणसाची ढाल कधी दुमडू नका.

बुटकोबावर माझा अजूनही पुरता विश्वास नाही. संध्याकाळी तो ताठ मानेने आत येतो तेव्हा मी आधी कमान पाहतो, मग पट्टा, मग सूनबाई. तिन्ही जागच्या जागी दिसले की मगच कुरकुर न करता मिटतो.