अधिकृत

भिंगरी अजून फिरतेच आहे. पडद्याच्या मधोमध, वाटाण्याएवढी, करड्या रंगाची… आणि तिच्या आजूबाजूला काही नाही, नुसता पांढरा रंग. प्रात्यक्षिकासाठी ठेवलेला हा कंपनीचा फोन, बाजारात आलेला सगळ्यात नवा. आणि त्यात कंपनीचंच ॲप, ज्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘अधिकृत’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे कुणाला शंका नको. तिने फोन टेबलावर ठेवला, कपातला चहा निम्मा संपवला, तेव्हा कुठे भिंगरी थांबली. मग आधी एक जाहिरात आली, मग कुणा अनोळखी माणसाचं कुत्रं, मग पुन्हा जाहिरात, आणि सगळ्यांच्या खाली, अंग चोरून बसल्यासारखा, एका माणसाने दुसऱ्याला लिहिलेला निरोप. ज्याच्यासाठी हा सगळा पसारा, तो. फिर बाई, तिने मनात म्हटलं, आज मनसोक्त फिर. आज तुझाच दिवस आहे.

तिने स्वतः बनवलेल्या जुन्या ॲपमध्ये भिंगरी नव्हती. म्हणजे तिने काढली होती असं नाही, ती दिसायला वेळच मिळायचा नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका कोपऱ्यात चिरलेली भाजी आणि दुसऱ्या कोपऱ्यात लॅपटॉप, अशा थाटात बनवलेलं ते ॲप कंपनीच्या सर्व्हरला एकच प्रश्न विचारायचं — माझ्या माणसांनी काय लिहिलंय? — आणि आलेलं उत्तर दाखवून गप्प बसायचं. लोक पत्र लिहून विचारायचे की बाई, एवढी मोठी कंपनी, एवढे इंजिनिअर, आणि त्यांच्यापेक्षा तुमचं जलद कसं? करामत असावी असं वाटायचं त्यांना. करामत कसली… मी मध्ये कुणाला उभं केलं नाही, एवढंच. इथे मध्ये सगळेच उभे आहेत. तुमचं बोट कुठे किती वेळ थांबलं ते मोजणारे, जाहिरात आणणारे, तुम्हाला नको असलेली माणसं सुचवणारे. प्रत्येक विभागाने दाराच्या फटीत आपापली पाचर मारून ठेवलेली, आणि दर सोमवारच्या बैठकीत गंभीर चेहऱ्याने चर्चा — दार लागत का नाही?

ते ॲप तिने दादासाठी केलं होतं. दादा, तिचा थोरला भाऊ, शाळेत भूगोल शिकवायचा. फळ्यावर नकाशा न बघता काढायचा, हे त्याचे विद्यार्थी अजून सांगतात. मग डोळे कडेकडेने जायला लागले, आणि एक दिवस उरलेलंही गेलं. फोन वाचून दाखवतो म्हणा — बोट सरकवलं की पुढची गोष्ट उच्चारतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो — पण उच्चारणार काय? बनवणाऱ्याने ज्या गोष्टीला जे नाव दिलं असेल तेच. अधिकृत ॲपने नावं दिलीच नव्हती. दादा खुर्चीत बसून बोट सरकवायचा आणि फोन म्हणायचा, बटण. बटण. चित्र. बटण. तो हसून म्हणाला होता, “सरकार, हे तर कपड्यांच्या दुकानात आल्यासारखं झालं.” लहानपणापासून ती हुकूम सोडायची म्हणून तिचं नाव सरकार. त्याच आठवड्यात तिने काम सुरू केलं. प्रत्येक बटणाला नाव, प्रत्येक निरोपाला लिहिणाऱ्याचं नाव, आणि वाचून जिथे थांबलात तिथूनच पुढे. एवढंच. दादा पुन्हा सर झाला. त्याचे विद्यार्थी जगभर पांगलेले, ते लिहायचे, तो उत्तरं द्यायचा.

आणि मग एका सकाळी कंपनीने बाहेरच्या ॲपांना दार बंद केलं. नियम बदलला. कळवलं नाही, आभार मानले नाहीत. तिच्याच ॲपने तिला सांगितलं — परवानगी नाही. काही हजार लोकांनी तिला लिहिलं, तिनेही कुठे कुठे अर्ज केले, आणि प्रत्येक ठिकाणाहून तेच उत्तर आलं, सुरक्षिततेच्या कारणास्तव. दादा मुकाट्याने बटण-बटण करत अधिकृत ॲपवर गेला. तिथेच त्याची एक जुनी विद्यार्थिनी, वर्गात सगळ्यात जास्त बडबडणारी, तिने लिहिलं होतं — सर, दवाखान्यात आहे, बरं नाही, जमलं तर बोला ना. तो निरोप कुत्र्यांच्या आणि जाहिरातींच्या खाली जाऊन बसला. दादाला तो कितीतरी दिवसांनी सापडला तेव्हा त्याने लगेच फोन लावला, आणि फोन त्या मुलीच्या आईने उचलला… त्या दिवशी दादा नेहमीसारखा जेवला, हात धुतले, रेडिओ लावला. मी मात्र त्या दिवसापासून दात धरून आहे.

म्हणून हसऱ्याने नोकरी देऊ केली तेव्हा ती लगेच हो म्हणाली. हसरा म्हणजे या ॲपचा प्रमुख. त्याचं हे नाव तिनेच मनातल्या मनात ठेवलेलं, कारण तो वाईट बातमीही अभिनंदन केल्यासारखी सांगतो. बाहेरून ओरडण्यापेक्षा आत येऊन बदला, असं म्हणाला. लोकांना वाटलं, विकली गेली. वाटू दे. ती बदलायला आलीच नव्हती. तरीही सवयीने तिने पहिल्याच महिन्यात बटणांना नावं देण्याचं सुचवलं, नाही असं नाही, आणि हसरा म्हणाला छान कल्पना, पुढच्या वेळी नक्की. पुढची वेळ आली की तिच्या पुढची. मग एका बैठकीत त्याने आलेख दाखवला: लोक ॲपमध्ये पूर्वीपेक्षा जास्त वेळ रमतात. टाळ्या पडल्या. तिने घरी बसून तो वेळ उकलून पाहिला. लोक रमत नव्हते, शोधत होते. हवा तो निरोप सापडेपर्यंत खाली, वर, पुन्हा खाली. दादा खुर्चीत चाचपडत बसतो ते इथे आवड म्हणून मोजलं जात होतं. त्याचं हरवणं यांच्या आलेखात चढत होतं, आणि त्यावर हसऱ्याला बढती मिळाली होती.

आज त्याचा वचपा. जेवणानंतर वरचे लोक येणार, नवी आवृत्ती बघणार, आणि हसऱ्याच्या डोक्यातून निघालेली टूम अशी की एक खराखुरा अंध माणूस सगळ्यांसमोर ॲप वापरून दाखवील. तुमचे बंधू येतील का, त्याने विचारलं होतं, अगदी हसत. येतील की, ती म्हणाली. अशा प्रात्यक्षिकांची इथे एक पद्धत आहे: एक ठरलेली वाट आधी घोटून घ्यायची, तेवढ्या वाटेवरची बटणं नीट करायची आणि त्या दिवशी तिच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. हिला सगळे हमरस्ता म्हणतात. दादाला हमरस्ता शिकवायचं काम तिच्याकडे होतं. तो तिने शिकवला नाही. तिने काय केलं, तर अधिकृत ॲपची एक प्रत घरी आणली, चार संध्याकाळी बसून तिच्यातल्या पाचरा उपटल्या, सगळ्या बटणांना नावं दिली, आणि ती दादाच्या फोनमध्ये टाकून म्हणाली, बघ, नवीन आवृत्ती, सगळी मी केलीये. दादा खूश. सरसर चालवायला लागला. आज तो बसणार कंपनीच्या फोनवर, जाणार आपल्या नेहमीच्या वाटेने, आणि तिथे आहे तेच जुनं रान. चारचौघांत फोन म्हणेल, बटण, बटण, बटण. हसऱ्याचं हसू सुकेल. आणि मग मी उठेन, पर्समधून दादाचा फोन काढीन आणि म्हणेन, आता हा बघा, एका बाईने स्वयंपाकघरात चार संध्याकाळी केलेला. एवढं एकच वाक्य. गेले कित्येक दिवस आंघोळ करताना, रांगेत उभी असताना ती ते घासून पुसून लख्ख करत होती.

दादा वेळेवर आला. इस्त्रीचा सदरा, जुने बूट पॉलिश केलेले, दाढी इतकी गुळगुळीत की कानाशी कापलेलं. शाळेच्या तपासणीला जायचा तसा. तिच्या कोपराला धरून चालताना त्याने विचारलं, किती जण असतील, आणि मी काही बोलायचं असतं का? नाही रे, नुसतं वापरून दाखव, ती म्हणाली. तिला क्षणभर वाटलं, सांगावं. पण सांगितलं तर तो नाटक करणार, आणि त्याला नाटक जमत नाही, त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं… शिवाय खरं अडकणं ते खरं अडकणं. तिने मिठाची गुळणी धरली, त्याचा फोन आपल्या पर्समध्ये ठेवला आणि त्याला खुर्चीवर बसवलं.

हसऱ्याने ओळख करून दिली. वरचे लोक सहा-सातच होते, लांब टेबलापलीकडे, पाण्याच्या बाटल्यांमागे. फोनचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरला जोडलेला. दादाने बोट सरकवलं. मुख्य पान, म्हणाला फोन. पुन्हा सरकवलं. बटण. दादा थांबला. किंचित मान तिरकी केली, तिला ठाऊक असलेली ती मान, वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की व्हायची तशी. पुन्हा. बटण. चित्र. बटण. त्याने मागे जायचा प्रयत्न केला, तर पानच बदललं, आणि स्पीकरमधून एका गादीची जाहिरात खणखणीत आवाजात सुरू झाली. ती बंद करायचं बटण त्याला सापडेना. हसऱ्याच्या मानेवर लाली चढलेली तिने पाहिली आणि तिच्या छातीत काहीतरी गोड, गरम उलगडलं — हे, हेच, बघ रे बघ, हा त्या आलेखातला रमलेला माणूस — तिचा हात पर्समध्ये गेला, बोटं दादाच्या फोनवर मिटली. दादाच्या कपाळावर घाम होता. तो तिने पाहिला. पाहिला आणि मनात म्हटलं, अजून थोडं.

“माफ करा,” दादा म्हणाला. जाहिरात त्याच्या आवाजाखाली चालूच होती. “यात ॲपची काही चूक नाही. माझ्या बहिणीने मला सगळं नीट शिकवलं होतं, घरी मला येतही होतं. वय झालं, विसरलो. तिचं काम फार चांगलं आहे, मी रोज वापरतो.” आणि तो हसला, सगळ्यांच्या दिशेने, थोडा डावीकडे चुकून, जिथे कुणीच नव्हतं.

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या, तेच वाईट. एका बाईंनी डोळे टिपले. हसऱ्याने संधी साधून सांगितलं की म्हणूनच आपण ज्येष्ठांसाठी शिकवणीचे व्हिडिओ करतोय, आणि वरच्यांनी माना डोलावल्या, आणि गादीची जाहिरात कुणीतरी येऊन बंद केली. तिचा हात पर्समध्येच होता. ते वाक्य, लख्ख, तोंडाशी आलेलं… आता ते बोलायचं म्हणजे दादाला सगळ्यांदेखत खोटं पाडायचं. तिने फोन सोडला. पुढचा विषय सुरू झाला.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये तिने कोपर पुढे केलं, दादाने धरलं. थोडं चालल्यावर तो हळूच म्हणाला की वाईट वाटून घेऊ नकोस, तुझी नोकरी काही जाणार नाही, मी सावरून घेतलं. काम तसं बरं आहे तुझं, थोडं कच्चं आहे इतकंच. थोडं कच्चं! तो कचरा याला माझा वाटला. बटण-बटण म्हणणारी ती घाण माझ्या हातची वाटली आणि ती पोटात घालून, घाम पुसत, हा माणूस त्या लोकांची माफी मागत होता. तिला राहवेना. ते माझं नव्हतं, ती म्हणाली, ते त्यांचं होतं, आहे तसं; तुझ्या फोनमध्ये आहे ते माझं.

दादा चालत राहिला. त्याच्या पावलांची लय बदलली नाही. एका बंद दारावरून, मग दुसऱ्या बंद दारावरून ते पुढे गेले. आत कुणीतरी हसत होतं.

“म्हणजे मी अडकणार, हे तुला माहीत होतं.”

तिने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“मला सांगायचंस गं,” दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “ती पोर माझी विद्यार्थिनी होती. सांगितलं असतंस, तर मी याहून चांगला अडकलो असतो.”

तिने हसरा आठवायचा प्रयत्न केला. त्याची लाल मान, ते हसू, आलेखावर फिरणारं त्याचं बोट. एरवी नुसतं नाव काढलं तरी पेटायचं सगळं. राग होता, जागच्या जागी होता, तेवढाच होता, पण त्याला चिकटवायला चेहरा सापडेना. प्रत्येक वेळी पुढे यायचं ते पर्समध्ये हात घालून बसलेल्या एका बाईचं तोंड, घामाकडे बघणारं. अजून थोडं म्हणणारं. दादाला न विचारता मोजणाऱ्यांचा तिला सूड घ्यायचा होता, आणि तिनेही… नाही, ते वेगळं, मी त्याच्यासाठीच केलं, सगळं त्याच्यासाठीच, पहिल्या बटणापासून. हसराही असंच म्हणतो. लोकांसाठीच.

काचेचं मोठं दार आलं. ते तिने ढकलून धरलं, तेव्हा दादाची बोटं तिच्या कोपरावरून सुटली. दार रुंद होतं, सुटायचं कारण नव्हतं. बाहेर उन्हाने फरशी पांढरी झाली होती, सपाट, रस्त्यापर्यंत.

“पुढे पायरी नाहीये, दादा,” ती म्हणाली.

“बरं,” तो म्हणाला, आणि एक पाय पुढे करून, बुटाच्या टोकाने, फरशी चाचपून पाहू लागला.